दारातला गुलाब आणि केसांतला मोगरा : सुगंधाच्या निवडीचा इतिहास

 

या मालेत आपण बहुतेक वेळा लढाया, तह, राजवटी यांच्याबद्दल बोलतो. त्या मानानं आजचा विषय हलका वाटेल. दोन फुलांचे दोन वास, एक गुलाबाचा आणि दुसरा मोगऱ्याचा. कोणता वास कोणत्या प्रसंगाला, हे आपल्याकडे कसं ठरलं, हा आजचा प्रश्न आहे. पण शेवटापर्यंत थांबा. या प्रश्नाचा शेवट तितकासा हलका नाही.

सुरुवात आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या दृश्यापासून करू. लग्नाचा मांडव आहे. दारात दोन-तीन मुली उभ्या आहेत. एकीच्या हातात चांदीची गुलाबदाणी, ती येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडते आहे. दुसरीकडे अत्तरदाणी, ती हाताच्या पाठीवर अत्तराचं बोट फिरवते आहे. तिसरीच्या हातातल्या तबकात मोगऱ्याचे गजरे आहेत. आता नीट बघा. गुलाबपाणी सगळ्यांवर पडतं. बाई, पुरुष, म्हातारा, पोर, सगळ्यांवर. गजरा मात्र फक्त बायकांना मिळतो, आणि पूर्वी तर सगळ्या बायकांनाही मिळत नसे.

ही वाटणी कोणी केली? मोगऱ्याचं पाणी शिंपडून पाहुण्यांचं स्वागत का होत नाही? आमच्या मते ही वाटणी तीन गोष्टींनी केली. एक, फुलाचा स्वतःचा स्वभाव. दोन, त्या फुलाचा वास पकडून ठेवायची रीत. आणि तीन, समाज. पहिल्या दोन गोष्टी निरागस आहेत. तिसरी नाही.

आधी थोडं मागे जाऊ. सुगंध निवडण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे आणि तो चक्क गणितानं केलेला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिता' लिहिली. त्यात गंधयुक्ती, म्हणजे सुगंधी मिश्रणं करण्याची विद्या, यावर स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडायची तर किती प्रकार होतील? तो उत्तर देतो, १८२०. आज शाळेतली मुलं हेच गणित सूत्रानं सोडवतात आणि उत्तर तेच येतं. मग त्या चार द्रव्यांची प्रमाणं बदलत गेलं की संख्या १,७४,७२० वर जाते. म्हणजे एवढ्या पर्यायांतून निवड करायची होती! आज अत्तराच्या दुकानात दहा कुप्या समोर आल्या तरी आपण गोंधळतो.

त्यानंतर येतो 'मानसोल्लास'. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा हा ग्रंथ साधारण ११३०च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आणि त्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग येत होता. त्यामुळे हा ग्रंथ आपल्या घरचाच म्हणायला हरकत नाही. राजानं कोणकोणते उपभोग कसे घ्यावेत, हे यात तपशीलवार सांगितलं आहे. त्यात अंगाला लावायच्या उटीचा भाग आहे आणि तिथे निवड ऋतूवर ठरते. उन्हाळ्यात थंड मानलेली द्रव्यं, थंडीत उष्ण मानलेली. म्हणजे त्या काळचा 'प्रसंग' म्हणजे मुख्यतः हवामान. आज कोण येणार आहे यापेक्षा आज ऊन किती आहे, हे महत्त्वाचं.

इथे एका पुणेकर संशोधकाची आठवण काढायलाच हवी. परशुराम कृष्ण गोडे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात त्यांनी दीर्घकाळ हस्तलिखितांची देखभाल केली. लोक राजे आणि दर्शनं शोधत असताना हा माणूस अत्तर, साबण, तंबाखू, चणे, गंजिफा असल्या गोष्टींचा इतिहास लिहीत होता. त्यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्या जोडीचा 'गंधवाद' हे दोन ग्रंथ उजेडात आणले. यातल्या 'गंधवादा'वर मराठीत टीका आहे. म्हणजे सुगंध कसा करावा हे कित्येक शतकांपूर्वी कोणाला तरी मराठीतून समजावून सांगावंसं वाटलं होतं. ही विद्या फक्त कनौजची किंवा फक्त दिल्लीची नव्हती.

आता आपल्या दोन फुलांकडे येऊ. आधी नावं पाहा, नावांतच अर्धा इतिहास आहे.

मोगरा हा शब्द संस्कृत 'मुद्गर'वरून आला. मुद्गर म्हणजे मोगर, लाकडी ठोकणं. धुणं बडवायची मोगरी आपल्याला माहीत आहे. मोगऱ्याची गोल, टपोरी, घट्ट कळी त्या मोगरासारखी दिसते, म्हणून तो मोगरा. अंगणात धुणं धुणाऱ्या माणसानं ठेवावं असं हे नाव. इथल्या मातीतलं.

आणि गुलाब? फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात फुलाचं पाणी, गुलाबपाणी! फारसीत फुलाला 'गुलाब' म्हणत नाहीत, पाण्याला म्हणतात. आपण मात्र पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि मग पाण्याला 'गुलाबपाणी' म्हणायला लागलो, म्हणजे पाणी दोनदा झालं. यावरून काय दिसतं? सुगंधी गुलाबाची खरी कीर्ती आपल्याकडे बाटलीतून आली. बागेतलं फूल लोकांना त्या पाण्याच्या नावानं ओळखू यायला लागलं.

पाणी काढायची ती विद्या म्हणजे ऊर्ध्वपातन. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं सुगंधाचं रसायन आणि ऊर्ध्वपातन यावर एक ग्रंथ लिहिला, त्यात शंभरावर कृती आहेत. इराणचं गुलाबपाणी दूरदूर विकलं जायचं. ते आपल्याकडेही आलं, आणि नंतर इथेच तयार होऊ लागलं.

अकबराच्या काळात अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त सुगंधांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. द्रव्यांचे भाव दिले, फुलांची यादी दिली. त्या यादीत मोगराही आहे. म्हणजे दरबाराला दोन्ही माहीत होते. पण गुलाबाला पुढे एक अशी गोष्ट मिळाली की तो वरच्या पायरीवर जाऊन बसला.

ती गोष्ट जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे सर्रास सांगतात की गुलाबाचं अत्तर नूरजहाननं शोधलं. काही जण हौदात तरंगणाऱ्या तेलाची सुंदर कथाही सांगतात. पण खुद्द जहांगीर श्रेय देतो ते नूरजहानच्या आईला, अस्मत बेगमला. तिच्या देखरेखीखाली गुलाबपाणी काढलं जात होतं. गरम गुलाबपाणी पसरट भांड्यात ओतलं की वर तेलकट साय धरते, हे तिच्या लक्षात आलं. तिनं ती थोडी थोडी गोळा केली. जहांगीर लिहितो की त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तर सगळी मैफल दरवळते, जणू कितीतरी कळ्या एकदम उमलल्या. त्यानं तिला मोत्यांचा हार दिला. सलीमा सुलतान बेगमनं त्या तेलाला नाव दिलं 'इत्र-ए-जहांगिरी'. बघा, शोध एका बाईनं लावला, नाव दुसऱ्या बाईनं ठेवलं, आणि नाव ठेवलं ते बादशहाचं. पुढे लोकांनी श्रेयही आईकडून काढून मुलीला दिलं, कारण मुलगी जास्त प्रसिद्ध!

आता थोडं तंत्राकडे वळू, कारण आमच्या मते आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

कनौजला आजही जुन्या रीतीनं अत्तर काढतात. तांब्याचा मोठा हंडा असतो, त्याला डेग म्हणतात. त्यात पाकळ्या आणि पाणी घालून झाकण मातीनं लिंपून बंद करतात. खाली लाकडं आणि शेणी पेटवतात. वाफ चोंगा नावाच्या बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते, तो भपका. भपका पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो, त्यामुळे वाफ निवते. परंपरेनं भपक्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं, ते वास धरून ठेवतं. गुलाबाला ही उष्णता सोसते. शिवाय त्याच्या वासातलं एक मुख्य द्रव्य पाण्यात विरघळतं, म्हणून नुसतं पाणीसुद्धा सुगंधी होतं. शुद्ध तेल मात्र अगदी थोडं निघतं. एका किलो तेलाला सुमारे तीन ते चार हजार किलो फुलं लागतात. म्हणजे एकाच फुलातून दोन गोष्टी मिळाल्या. भरपूर आणि परवडणारं गुलाबपाणी, आणि थेंबाथेंबानं मोजायचं महाग अत्तर. दोन्ही टिकतात, दोन्ही बाटलीत भरून कुठेही नेता येतात.

मोगऱ्याचा स्वभाव वेगळा. कळी दिवसा खुडतात आणि ती संध्याकाळी उमलते. खुडल्यावरही फूल कित्येक तास वास सोडत राहतं, म्हणजे ते एका अर्थानं जिवंत असतं. उकळत्या पाण्यात टाकलं की हा ताजा वास बराचसा बदलतो. कनौजला मोगऱ्याचंही अत्तर काढतात, त्याला मोतिया म्हणतात, आणि ते सुंदर असतं. पण गजऱ्याचा वास आणि मोतियाचा वास शेजारी ठेवून पाहा, फरक कळेल. म्हणून मोगरा, चमेली यांच्यासाठी आपल्याकडे दुसरी रीत होती. तीळ पसरायचे, त्यावर फुलांचा थर, त्यावर पुन्हा तीळ. फुलं शिळी झाली की बदलायची. असं काही दिवस केलं की तीळ वास पितात, मग ते घाण्यात घालायचे. हेच फुलेल तेल. जौनपूरचं चमेलीचं तेल अशा रीतीनंच प्रसिद्ध झालं. फ्रान्समध्ये ग्रासला चरबीवर फुलं पसरून हेच करत, तीळ सोडून बाकी विचार तोच.

आता दोन्ही शेजारी ठेवा. गुलाब पहाटे खुडायचा, उन्हं वर यायच्या आत. त्याचं पाणी शिंपडता येतं, अत्तर बोटानं लावता येतं. एक माणूस शंभर जणांना देऊ शकतो. मोगरा मात्र संध्याकाळचा आणि रात्रीचा. त्याचं काय होतं? तेल, म्हणजे केसांना. नाहीतर ताजं फूल, म्हणजे पुन्हा केसांना किंवा मनगटाला. एकाच अंगाला चिकटून राहणारा आणि सकाळपर्यंत संपणारा. म्हणून गुलाब दारात उभा राहिला आणि मोगरा माजघरात गेला. गुलाब झाला स्वागताचा वास, मोगरा झाला जवळिकीचा. इथपर्यंत कोणी कोणावर अन्याय केलेला नाही. फुलांनी आपापली जागा घेतली, एवढंच.

पण वास सार्वजनिक झाला की त्याला मानपान चिकटतो. दरबारात भेट संपली की अत्तर आणि विडा यायचा. अत्तर लागलं म्हणजे निघायची वेळ झाली, हे न बोलता कळायचं. फार शालीन रीत आहे ही, 'आता या' असं तोंडानं म्हणावं लागत नाही. मराठी दरबारांत ही रीत होती आणि पुढे इंग्रजांनीही ती उचलली. त्यांच्या दरबारांत तर कोणत्या संस्थानिकाला अत्तर-पान खुद्द व्हाइसरॉयच्या हातून मिळायचं आणि त्याच्या सरदारांना कोणत्या अधिकाऱ्याच्या हातून, हे आधी ठरलेलं असे. वास सगळ्यांना सारखाच, हात मात्र वेगळा. आणि संस्थानिकांचं सगळं लक्ष त्या हाताकडे!

हीच रीत लहान होऊन आपल्या घरांत आली. पानसुपारीच्या समारंभात अत्तर-गुलाब. आणि बायकांच्या हळदीकुंकवात अत्तर-गुलाब, ओटी, आणि चैत्रात किंवा उन्हाळ्यात हमखास मोगऱ्याचा गजरा. म्हणजे हळदीकुंकू हा असा समारंभ की जिथे दारातला गुलाब आणि केसांतला मोगरा एकत्र येतात. दोन्ही वास एकाच वेळी, एकाच बाईला.

आणि इथेच आपला हलका विषय जड होतो. कारण या समारंभाला कोणाला बोलवायचं? सुवासिनींना.

हा शब्द जरा थांबून ऐका. संस्कृत 'सुवासिनी'चा संबंध 'वस्' म्हणजे राहणे या धातूशी जोडतात. वासाशी, सुगंधाशी त्याचं मुळात नातं नाही. पण मराठी कानाला त्यात 'सुवास' ऐकू येतोच. आणि आपल्या समाजानं जणू तो चुकीचा अर्थ खरा करून दाखवला. जिचा नवरा जिवंत, तिलाच सुवास. नवरा गेला की त्या दिवसापासून कुंकू नाही, बांगडी नाही, फूल नाही, अत्तर नाही. अनेक उच्चवर्णीय घरांत तर केसच काढून टाकत. गजरा माळायचा कुठे, हा प्रश्नच मिटवून टाकला. ती बाई त्याच घरात असायची. सुवासिनींसाठीचे गजरेही कदाचित तीच ओवायची. वास तिच्या बोटांना लागायचा, पण केसांत नाही. 'कोणत्या प्रसंगाला कोणता सुगंध' हा प्रश्न तिच्यासाठी नव्हताच. तिला प्रसंगच नव्हते.

ही गोष्ट सगळ्यांनी गुपचूप सोसली असंही नाही. १८९० च्या सुमाराला मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की आम्ही विधवांचं केशवपन करणार नाही. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव त्या प्रयत्नाशी जोडलेलं आहे. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, हे आपण पुरेसं लक्षात ठेवत नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली आणि ती पुढे हिंगण्याला गेली.

आणि हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडून देता येत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. लगेच त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही असंच करावं, असं परिपत्रक काढलं. म्हणजे २०२२ मध्ये हा ठराव करायची गरज होती. गरज होती याचा अर्थ प्रथा चालू होती. आपल्या नातेवाइकांत डोळे फिरवून बघा, फार लांब जावं लागणार नाही.

व्याख्यानांनंतर बऱ्याचदा कोणीतरी विचारतं की इतिहास झाला, आता आम्ही काय करायचं? आज आधीच सांगून टाकतो.

अत्तर निवडायचं असेल तर फुलांचा स्वभाव ओळखा. दिवसाचं कार्य आहे, चारचौघांत जायचं आहे, कोणाचं स्वागत करायचं आहे, तर गुलाब. तो सगळ्यांशी बोलतो, कोणाला बोचत नाही. संध्याकाळ आहे, घरची मैफल आहे, माणसं जवळची आहेत, तर मोगरा. पण बेतानं. मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांत इंडोल नावाचं द्रव्य असतं. ते थोडं असेल तर वासाला खोली येते, जास्त झालं तर बंद खोलीत डोकं दुखतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात गर्दीच्या हॉलमध्ये मोगऱ्याचं अत्तर फासून जाऊ नका. गजरा चालेल, कारण गजऱ्याचा जोर हळूहळू ओसरतो. आणि कुपी विकत घेताना ते कशात बसवलं आहे, हे विचारा. चंदन दुर्मिळ आणि महाग झाल्यापासून स्वस्त अत्तरांत चंदन तेलाची जागा दुसऱ्याच पदार्थांनी घेतली आहे. भाव ऐकूनच बरंचसं कळतं.

हे झालं कुपीचं. दुसरी निवड त्याहून महत्त्वाची आहे.

पुढच्या वेळी घरात हळदीकुंकू असेल, मांडव असेल, तबक तुमच्या हातात असेल, तेव्हा ते कोणापुढे धरायचं हे तुम्हीच ठरवणार आहात. कोपऱ्यात बसलेल्या आत्याला, मावशीला, वहिनीला अत्तर लावायचं की पुढे सरकायचं? काही ठिकाणी लोक आता सगळ्यांना बोलावतात, नावच बदलून 'तिळगूळ समारंभ' म्हणतात. नाव काहीही ठेवा. कधीकधी ती बाई स्वतःच हात मागे घेईल, 'मला नको गं' म्हणेल. इतक्या वर्षांची सवय आहे ती. अशा वेळी जबरदस्ती नको, पण तबक तिच्यासमोर आलं पाहिजे. नको म्हणण्याचा हक्कसुद्धा समोर आलेल्या माणसालाच असतो.

मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते, ती कोणाच्या केसांत आहे हे बघून उमलत नाही. गुलाबदाणीतून पाणी उडतं, तेही सगळ्यांवर सारखंच. वासानं कधी भेद केला नाही. तबक धरणाऱ्या हातानं केला. तो हात आता आपला आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.